काळा रंग आणू नये

वर्गाच्या दारावर मीच लिहून ठेवलंय:
काळा रंग आणू नये.

चियातुरात डोंगर दोन्ही अंगांनी इतके जवळ
की दुपारी तीनलाच खिडकीतला उजेड आवरतं घेतो.
म्हणून गुरुवारचा वर्ग बारा ते तीन,
खाणकामगारांच्या जुन्या क्लबात, दुसऱ्या मजल्यावर.
हीटर आहे; तापण्यापेक्षा खोकतो जास्त.

विद्यार्थी अकरा. सगळ्यात धाकटी लिले, सात वर्षांची.
सगळ्यात थोरले कुकूरी, एक्याऐंशी.
मधे एतेरी, बेकरीतून थेट येते, भुवयांवर पीठ तसंच,
कालचा पाव आणते, कोळशाच्या रेघा खोडायला.
लिले खोडरबर खाऊन टाकते.
मधे बादरी, पोलिसात आहे;
टोपी काढून ठेवतो आणि कोऱ्या कागदापुढे
पकडून आणल्यासारखा बसतो.

मी सगळ्यांना एकच शिकवते, दुसरं मला येत नाही.
सातासाठी एक उजेड आणि साठासाठी दुसरा
असं काही नसतं.
मोठ्यांकडून मात्र आधी विसरून घ्यावं लागतं:
डोळा म्हणजे बदाम, घर म्हणजे वर त्रिकोण.
त्यात एक सबंध हिवाळा जातो.

काळा का नको?
ट्यूबमधला काळा म्हणजे कागदाला पडलेलं भोक, मी सांगते.
निळ्यात तपकिरी मिसळा, बघत राहा,
सावली आपल्या पायांनी येईल.
माझ्या सरांनी मला हेच सांगितलं होतं,
त्यांना त्यांच्या सरांनी.
कुकूरी ऐकून घेतात,
बेचाळीस वर्षं जमिनीखाली काढलेला माणूस
वर राहणाऱ्यांचं ऐकून घेतो, तसं.

पुढच्या गुरुवारी ते चार बरण्या घेऊन आले.
झाकणांवर चेरीच्या जॅमची लेबलं,
आत मँगनीज, घरी खलबत्त्यात कुटलेलं.
"हा तिसऱ्या थरातला, ओला असला की जांभळा मारतो.
हा राखेच्या घरातला, गरीब.
हा बोटांना सोडत नाही, माझ्या लग्नातही सोडला नव्हता.
आणि हा..." चौथी बरणी त्यांनी उघडली नाही,
"आंब्रोसी राहिला तिथला."

बादरीने उगाच खुर्ची सरकवली.
लिले म्हणाली, "राहिला म्हणजे? तो तिथेच राहतो?"
कुकूरी म्हणाले, "हो."

मग मी जवसाचं तेल घातलं,
तीन काळे काचेवर घोटले, ते सांगतील तसे.
अजून. अजून थोडा. पुरे.
हात माझे होते.
एकवीस वर्षं शिकवतेय,
कुणी मला "पुरे" म्हणण्याला मधे किती काळ गेला होता!

त्या दिवशीचा धडा ठरलेलाच होता:
खुर्ची काढू नका, खुर्चीतली हवा काढा.
पायांमधली, पाठीच्या दांड्यांमधली,
बसण्याच्या जागेवरची.
एतेरीची हवा फुगली, कणीक फुगते तशी.
बादरीची सरळ, मोजून मापून.
लिलेने सगळी खुर्ची कुकूरींच्या जांभळ्या काळ्यात बुडवली
आणि बसण्याच्या जागी
काड्यापेटीएवढा पांढरा चौकोन ठेवला.

हे काय, मी विचारलं.
"आई. एवढीच असते ती."
तिची आई इटलीत, बारी शहरात,
कुणाच्या तरी आजीला भरवते;
रोज रात्री नऊला फोनमध्ये येते.

चौकोनाच्या कडा मला जरा दुरुस्त करायच्या होत्या.
ब्रश उचललाही.
कुकूरींनी नुसतं बघितलं,
तेव्हा तो मी पाण्यात ठेवला.

चौथी बरणी कपाटावर आहे, झाकण लावलेली.
दर गुरुवारी कुणीतरी तिच्यावरची धूळ पुसतं;
कोण, ते मी विचारलेलं नाही.
दारावरची पाटी काढली नाही,
एक शब्द मधे घातला फक्त, वाकडा, दाटीवाटीने:
काळा रंग विकतचा आणू नये.
खाली लिलेने तिच्या अक्षरात लिहिलंय:
पाव आणावा.