बियांचं काय

रुवीच्या फार्मसीत सर्जिकल स्पिरिट मागितलं, तीन बाटल्या.
फार्मासिस्टनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाटल्यांकडे.
"नववी ब. डीएनए," मी म्हटलं.
तो हसला, "रुतैबाला स्पिरिट ओतायला देऊ नका,
माझीच मुलगी आहे, सांडेल."

स्ट्रॉबेरी अडतीस जणांना परवडत नाही,
म्हणून ऑगस्टचा शेवटचा ओला खजूर.
बी काढा, पिशवीत घाला, चिरडा.
मीठ. भांड्यांचा साबण. कुणाच्या तरी आईची मलमल.
मग फ्रीजरमधलं स्पिरिट, नळीच्या कडेनं,
श्वास धरून.

वर आलं ते पांढरट, तारेतारेचं.
"शेंबूड," इर्फान म्हणाला.
मी रागावले नाही. दिसतं तसंच.

बस आणणारे खलफान काका दारातून बघत होते.
म्हणाले, आम्ही बी लावत नाही कधी.
आईच्या बुंध्याला पिलू फुटतं, तेच तोडून लावतो.
माझ्या आजोबांचं झाड आजही तेच आहे,
फक्त जागा बदलली.
बीचं काय, काहीही निघतं. निम्मे नर.

"मग आपण पिलू की बी, टीचर?" देवयानीनं विचारलं.
फळ्यावर लिहायला जाणार होते, तेवढ्यात
रुतैबानं स्पिरिट सांडलं.

ट्रेमधल्या बिया पोरांनी फेकल्या नाहीत.
लॅबमागे, एसीचं पाणी ठिबकतं तिथे पुरल्या.
एक उगवलीय. सुरीच्या पात्यासारखं एकच पान.
गोड की तुरट, नर की मादी,
कळायला सहा-सात वर्षं.
तोवर यांतल्या कुणाचा व्हिसा
इथला असेल, सांगता येत नाही.
माझाही.

पाइप थोडा वळवून ठेवलाय.