उष्टा पाव

निघताना जुमाकान आपांना सवयीनं म्हणाले, 'येते.'
त्यांना मराठी कुठलं कळायला.
त्यांनी ताज्या पावाचा एक घास माझ्याकडून चाववला
आणि उष्टा पाव फडक्यात गुंडाळून
कपाटात ठेवला.

तीन आठवडे. पुण्याचं तिकीट दोन पगारांचं,
म्हणून पूर्वेकडे.
काराकोलची लाकडी मशीद पाहिली,
बोटं बधिर झाली म्हणून अर्धीच.
उणे अकरात गार, आंबट शेवया,
सगळे खातात म्हणून मीही.
इसिक-कुल गोठत नाही म्हणतात.
खरंच, नव्हतं गोठलं.
काठावर तासभर उभी राहिले,
फोटो कुणाला पाठवावा ते ठरेना.

परतीला शेअर टॅक्सी. मांडीवर कुणाचं तरी बाळ,
पायाशी त्याच्या आईचे खारवलेले मासे.
दोलन घाटात गाडी बर्फावरून दोनदा गर्रकन फिरली.
कुणी ओरडलं नाही.
ड्रायव्हरनं फक्त गाणं बंद केलं.

नारीनला आपांनी दार उघडलं,
काही न विचारता कपाटाकडे गेल्या.
पावाचा दगड झालेला.
चहात बुडवून बुडवून
दोघींनी संपवला.

सोमवारी सातवी 'ब'. रेडिएटर गार, अख्खा वर्ग कोटात.
निबंध : सुट्टीत मी काय केलं.
बेकतुरच्या इंग्रजीत चारच वाक्यं :
थंडी होती. मेंढ्यांनी गवत खाल्लं.
मी पण जेवलो.
बाई आल्या नाहीत.

लाल पेनाचं टोपण दातांनी काढलं,
शेवटचं क्रियापद तेवढं सुधारलं.
आल्या नव्हत्या.