चौधारी

खारघरच्या डोंगरावर, धबधब्याच्या सुकल्या कड्याच्याही वर,
मार्गशीर्षात, गवत पिवळं पडून विजारीला कुसळं टोचतात तेव्हा,
एका झुडपासमोर मी उकिडवा बसलो
आणि त्याला नाव विचारलं.

आधी बोटं.
अंगठा-तर्जनीत खोड धरून हळूच फिरवायचं.
गोल असलं तर सुळकन फिरतं.
हे अडलं.
कंगोऱ्याशी अडलं, पुन्हा अडलं, चार वेळा.
म्हणजे तुळशीच्या घरातलं.
सब्जा, पुदिना, ओव्याचं पान,
खिडक्यांच्या जाळीत कुंड्या धरून बसलेली त्याची सगळी चुलत-मावस,
हे एकटं डोंगरातच राहिलं.

मग पानं. जोडीनं, समोरासमोर.
खालची जोडी पूर्व-पश्चिम, तिच्यावरची दक्षिण-उत्तर,
कुणी कुणाच्या उन्हात येत नाही.
एवढा साधा शेजारधर्म
आमच्या सेक्टरात अजून कुणाला जमलेला नाही.

फूल दोन ओठांचं, पांढरं, आत जांभळी झाक,
आणि जीभ काढावी तसे बाहेर आलेले चार पुंकेसर.
भिंगाखाली त्यांच्यावर लव दिसली:
एकेक केस म्हणजे
मणी ओवलेला दोरा.
इतकं बारीक काम, आणि तेही बकऱ्यांच्या वाटेवर.

वहीचे रकाने भरले. एक राहिला.
पुस्तकात लिहिलंय: पान चुरगळून हुंगावे.
इतकंच. जसं काही ते कुणालाही येतं.

तुर्भ्याच्या कंपनीत सत्तावीस वर्षं
सॉल्व्हंटच्या टाक्यांची झाकणं मी उघडली.
पहिली दोन वर्षं डोकं दुखायचं,
मग दुखेनासं झालं. त्याला आम्ही सवय म्हणायचो.
निरोपाच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
नाक कधी गेलं, ते तारखेनिशी सांगता येणार नाही.
एकदा गॅसवर दुधाचा कोळसा झाला
आणि मी दोन हातांवर बसून पेपर वाचत होतो.

पायवाटेनं बारकी मुकणे येत होती, डोक्यावर फाट्यांचा भारा.
उन्हाळ्यात तिच्याकडून मी करवंदं घेतो, तेवढी ओळख.
पान चुरगळून हात तिच्या तोंडाशी उंच धरला.
"कसला वास येतो बघ."
भारा उतरवला नाही तिनं. मान ताठ ठेवून हुंगलं.
"फांगळी हाय ही."
"नाव नको. वास सांग."
ती हसली, भारा डुगडुगला.
"नाव नको, न मंग येवढा डोंगर कशाला चढलाव?"

तरी पुन्हा हुंगलं. या खेपेला बराच वेळ.
"ढेकून चिरडला का येतो, तसा.
मंग भिजलेलं घोंगडं.
न शेवटाला, लई शेवटाला, ओवा."
जाता जाता म्हणाली,
"फुरसं चावलं का आमची म्हातारी हिचं मूळ घासून लावायची."
"जगायचं माणूस?"
"काय जगायची. काय नाय."

रकान्यात लिहिलं:
वास – ढेकूण, ओलं घोंगडं, सर्वांत शेवटी ओवा.
बारकीच्या नाकानं.
वर लॅटिन नाव लिहायला गेलो, तर स्पेलिंग आठवेना.
फांगळी लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह.
उतरणीला लागण्याआधी
प्रश्नचिन्ह खोडलं.

उत्सव चौकात बस धरली.
शेजारी गळ्यात पाण्याची बाटली अडकवलेला एक पोरगा,
नाक आकसून माझ्याकडे बघणारा.
"आजोबा, तुमच्या हाताला कसला तरी वास येतोय."
"कसला?"
त्यानं माझा हात उचलून नाकाशी नेला,
डोळे मिटले.
त्याचा थांबा येऊन गेला,
त्याची आई दारातून हाका मारत राहिली,
तरी तो
शोधतच होता.