एव्हारिस्तो

वाल्पाराइसोच्या टेकडीवर, एकशे बारा पायऱ्या,
निबाल्दोनं आणि माझ्या भावानं
पाठीवरून चढवलं हे कपडे धुण्याचं यंत्र.
जुनं. ज्यानं विकलं तो घर मोडून
उत्तरेला तांब्याच्या खाणीवर गेला,
दुकानदार एवढंच बोलला.
प्लग लावला तशी काच उजळली :
नमस्कार, एव्हारिस्तो.

आम्ही हसलो. नाव बदलायला गेलो
तर परवलीचा शब्द मागितला.
तीनदा चुकलो, चौथ्यांदा नाद सोडला.
तेव्हापासून यंत्र एव्हारिस्तो झालं.
सासूबाई त्याला दटावतातसुद्धा,
"हळू रे एव्हारिस्तो, शेजारी झोपलेत."

निबाल्दोचे मासळीबंदराचे कपडे, खवल्यांसकट, साठ अंशांवर.
माझे शाळेच्या स्वयंपाकघरातले एप्रन.
आणि मे महिन्यापासून
रात्री दोनला, तीनला, मूठभर लंगोट.

भाचा आला, लिंकोयान, त्याला यातलं कळतं.
म्हणाला, आत्या, हे अजून त्याच्याच फोनशी बोलतं.
तुझं धुणं संपलं की तिकडे घंटी वाजते.

आधी लाजच वाटली,
दोरीवरच्या आतल्या कपड्यांखाली
कुणी मान वर करून उभं असल्यासारखी.
मग राग आला. मग हिशेब मांडला,
काय दिसत असेल त्याला?
सुती. चाळीस अंश. एक तास सव्वीस मिनिटं.
एवढ्यातून बाई दिसते का? बाळ दिसतं का?
दिसतं.
मला तरी दिसलं असतं.

जुलैतली ती रात्र. बाळाला ताप,
एकुलती लोकरी दुलई यंत्राच्या पोटात,
आणि दार बंद. काचेवर अक्षरं :
सुधारणा बाकी. मालकाच्या संमतीची वाट पाहत आहे.
मी दार ओढलं. बुक्क्या मारल्या.
खाली धुक्यात जहाजांचे भोंगे,
घड्याळात तीन वाजून अकरा मिनिटं.
सगळा राग त्या नावावर काढला,
एव्हारिस्तो, मेल्या, उघड!

बारा झाले. तेरा झाले.
खट्.

निबाल्दो म्हणतो, आपोआप उघडलं असेल.
असेलही.
पण दुलई शेगडीवर धरून सुकवताना
मला एक अंगठा दिसत राहिला,
वाळवंटातल्या रात्रपाळीचा,
तांब्याच्या धुळीनं नखं काळी झालेला.

दुकानदार आता नवं घ्या म्हणतो.
पुढे सगळंच बोलणार आहे म्हणे,
दिव्यापासून कुलपापर्यंत, बाळाचा पाळणादेखील.
मी विचारलं, बोलणार कुणाशी?
कंपनीशी.
रात्री तीनला कंपनी जागी असते?
बाई, ती झोपतच नाही.

मी पायऱ्या चढत घरी आले.
न झोपणं वेगळं
आणि जागं असणं वेगळं,
हे त्याला कसं सांगायचं
ते सत्तराव्या पायरीवर सुचलं,
तोवर खाली उतरायची ताकद नव्हती.

परवा लिंकोयाननं युक्ती शोधून काढली.
मागची कळ दहा सेकंद दाबून धरायची,
नाव पुसतं, यंत्र आपलं होतं.
तो शिकवत होता, मी कांदा चिरत होते.
कळ कुठली ते विचारलं नाही.

हल्ली रविवारी दुपारी, सगळे जेवून आडवे झाले की
मी यंत्र रिकामंच लावते.
थंड पाणी. नुसतं खळबळणं. दोन मिनिटं.
तिकडे उमटत असेल : वजन शून्य.
म्हणजे, ताप उतरला.
म्हणजे, खालच्या हिरडीत दात आलाय,
आणि तुम्ही कसे आहात,
आणि तिकडे पाणी मिळतं का.
यातलं किती पोचतं कोण जाणे.

सासूबाई पाण्याचं बिल नाकासमोर धरतात.
भरते मी, म्हणते.