चमचा

जेराशच्या दक्षिण दरवाजात, सकाळी साडेआठला,
यिनाल उभा होता माझ्या नावाची पाटी धरून,
खरं तर तिथे
मी आणि एक लंगडं मांजर, एवढीच गर्दी.

"तीन तास," तो म्हणाला, "दोन हजार वर्षं.
घाई करायची नाही."
आणि त्याचा फोन वाजला.

आई होती. तो बोलला, फोन ठेवला,
आणि सवयीनं मला भाषांतर करून सांगितलं:
गॅसवाला अजून आलेला नाही.

मग रस्ता. दुतर्फा खांब, मध्ये तिरक्या बसवलेल्या फरशा,
आणि फरशांवर चाकांनी कोरलेल्या
दोन लांब खाचा.
चाकोरी हा शब्द मी आयुष्यभर वापरला,
नाक मुरडून बहुतेक वेळा.
आज पहिल्यांदा चाकोरीत पाऊल ठेवलं.
चपखल बसलं. आत मुंग्या होत्या,
त्याही एका रांगेत.

"खापरपणजोबा बैलगाडीतून आले, कॉकेशसहून," यिनाल सांगत होता,
"देश सुटलेले लोक.
इथे बघतात तर गाव तयार, फक्त माणसं नाहीत.
दगड तासलेले, चौकोनी, आयते.
एक उचलला. उंबरठा केला."
म्हणजे चोरी? मी विचारलं.
तो थांबला. "वापर," म्हणाला.
ओढ्यापलीकडे हात केला, जिथे गच्च्यांवर
पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेल्या चादरी:
"अर्धं शहर त्या घरांखाली आहे.
तिकडे तिकीट नाही."

पुन्हा फोन. आईचे गुडघे. गोळ्या कुठल्या कप्प्यात.
मी एका पडक्या कमानीखाली बसून घेतलं.
देवळाच्या पायऱ्या चढताना माझेही गुडघे
त्या संभाषणात सामील झाले.

वर, आर्टेमिसच्या खांबांपाशी,
यिनालनं खिशातून चमचा काढला.
घरातला, साधा, मुठीला फुलाची नक्षी.
खांबाच्या बुडाशी केसाएवढी फट होती,
तीत त्यानं चमच्याचं टोक सारलं
आणि म्हणाला, "वारा येऊ द्या."

वारा आला.
चमचा वर गेला. खाली आला. वर गेला.
पन्नास हात उंच दगड
आणि खालून कुणीतरी
मीठ बरोबर आहे का ते चाखून बघत असावं तसा चमचा.
"हलतात," यिनाल म्हणाला, "म्हणून उभे आहेत."
हे वाक्य त्यानं दहा हजार वेळा म्हटलेलं असणार,
झिजून गुळगुळीत झालं होतं.

तेवढ्यात फोन.
या खेपेला भाषांतर नाही. फक्त कान लाल.
पण 'मिलआका' हा शब्द मी हॉटेलात नाश्त्याला शिकले होते:
चमचा.
पाचच आहेत. सहावा कुठाय?

रथांच्या शर्यतीचं मैदान आम्ही गाळलं.
पूल ओलांडला, मासळीवाला, मोबाईलवाला,
एका भिंतीत उलटं बसलेलं द्राक्षांचं नक्षीकाम,
त्यावर खिळा, खिळ्याला सायकल.
"हे दौऱ्यात नाही," तो दोनदा म्हणाला.

सातनाय दारात उभी होती, हात पुढे.
ती काही बोलली. तो काही बोलला.
मी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा नाइलाजानं सांगू लागला:
"आई विचारते, खांब पडला का?
मी म्हटलं, नाही.
ती म्हणते, मग दे तो इकडे."

तिनं चमचा उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला,
पदर नव्हता, बाहीला पुसला,
आणि त्याच चमच्यानं माझ्या चहात साखर ढवळली.
तिचा हात थरथरत होता.
काचेवर चमचा किणकिणत राहिला बराच वेळ,
कुणीच काही म्हणालं नाही.

मग गल्लीत गॅसच्या गाडीची धून,
आणि एक पोरगा सिलिंडर कडेवर फिरवत आला.
उंबरठ्याच्या दगडावर ग्रीक अक्षरं होती, साडेतीन,
बाकीची कुठल्या घरात गेली कोण जाणे.
मधोमध दगड झिजून खोलगट झालेला.
सिलिंडर बरोबर तिथूनच
घरंगळत आत गेला.