दहापैकी किती

उजवा तळहात खाजला की पैसे येतात,
डावा खाजला की जातात.
माझे दोन्ही खाजतात,
शिवाय तळपाय, शिवाय कानामागची जागा.
वाळपईच्या पोस्टात एकतीस वर्षं हिशेब लावले,
हा लागत नाही.

अंगावर काही उठलेलं नाही.
पुरळ नाही, लाली नाही,
दिसतात ते माझेच ओरखडे.
शेजारची रुक्मावती सोलांचं पाणी घेऊन आली,
पित्तावर हेच, म्हणाली.
चुकली नाही ती, पित्तच आहे.
पण बांबोळीचे डॉक्टर म्हणतात, हे आतलं,
यकृतातल्या बारीक वाटा बुजल्यात,
जायचं तिथं जात नाही, रक्तातून हिंडतं.
रात्री कातडीखाली येऊन बसतं.
सोलांचं पाणी तिथवर पोचत नाही.
तरी मी लावून घेतलं. तिनं एवढं केलं होतं.

यकृत म्हटलं की माणसं आवाज खाली आणतात,
घ्यायचीस का गं?
बाप माझा अख्खा चैत्र काजूच्या भट्टीवर,
आमच्या गोधड्यांनाही हुर्राकाचा वास.
मी कधी बोट बुडवून चाखली नाही.
आधी सांगायची हे. आता
बसमध्ये खिडकी मिळते का बघते.

रात्री दोनला
सोप्यातल्या चिऱ्याच्या खांबाला पाठ लावते
आणि घासते, म्हैस घासते तशी.
पहिले दोन-तीन क्षण सुख असतं,
खोटं कशाला बोलू.
मग सोलवटतं.
दामोदर उठतो, दिवा लावत नाही.
खनिजाचे ट्रक हाकून घट्टे पडलेले हात,
नखांपेक्षा बरे.
चोळता चोळता बसल्या जागी झोपतो,
हात तसाच पाठीवर.
खाज त्याच्या डाव्या बाजूला, चार बोटांवर.
मी हलत नाही.

सकाळी संत्र्याच्या रसात पूड.
वाळू प्यायल्यासारखी. बाकीच्या गोळ्या तिच्यापासून लांब,
एकमेकींचं पटत नाही त्यांचं.

डॉक्टर विचारतात, दहापैकी किती?
सात, म्हणते.
आठ म्हणजे कौतुक करून घेतल्यासारखं वाटतं.

बाहेर बाकावर एक पोरगा,
डोळे हळदीचे,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला.
ओळखलं मी.
ओला टॉवेल फ्रिजमध्ये ठेव, म्हटलं,
आणि नखं रोज काप, दिसत नसली तरी.
ठेवतो, म्हणाला.
मग थोड्या वेळानं,
तुम्हाला किती?
नऊ, म्हटलं.