ऐनवेळी येणारे विषय

मी लिहितो. माझं काम लिहिण्याचं.
मौजे कुंभेतळे, तालुका भुदरगड, जिल्हा कोल्हापूर.
सभा दहाची, सुरू पावणेबाराला,
कारण दूध संस्थेची गाडी उशिरा आली
आणि किटल्या घेऊन थांबलेली माणसं
हीच आमची गणपूर्ती.

विषय एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
कोणी ऐकलं नाही. कायम झालं.
विषय दोन, तालमीमागचा दिवा.
तो लागतो, पण दिवसा.
विषय तीन, पाणीपट्टी.
इथं बाबालाल मुल्लाणी उठले,
पाणी आठवड्यातनं दोनदा, मग पट्टी सात दिवसांची कशी?
लोक हसले.
हसण्याची नोंद करता येत नाही.

सातवा पुकारला तेव्हा
शाळेच्या व्हरांड्यात बाकं सरकली.
गट नंबर दोनशे चौदा, घोडेसडा,
दगडखाण व खडी क्रशरसाठी ना हरकत दाखला देणेबाबत.
अर्जदाराचा माणूस कडक इस्त्रीत आला होता.
देवळाला फरशी म्हणाला, शाळेला रंग,
वीस पोरांना काम.
वीस म्हणताना दोन्ही पंजे दाखवले, एकदाच.

कमळाक्का भोसगे पदर खोचून उभ्या,
"सुरुंग उडला की माझ्या म्हशी पान्हा चोरणार,
त्याची भरपाई कुठल्या कागदावर हाय दावा."
मागनं कोणीतरी, "म्हशीवर गाव चालत न्हाई, आक्का."
"मग सकाळचा च्या कशाचा पितोस रं?"
मग सगळेच बोलले.
सरपंच बाईंनी पेपरवेट आपटला.
आमचा पेपरवेट म्हणजे सड्यावरचाच एक काळा दगड,
तळहाताएवढा, कोणी आणला माहीत नाही.

कोणीतरी म्हणालं, तिमण्णाला विचारा.
तिमण्णा वडार दारात, चपलांपाशी,
बाकावर जागा असताना.
गावातली निम्मी जोती त्याच्या हातची,
आणि पोराचं डंपरचं लायसन आलंय परवाच,
हेही सगळ्यांना ठाऊक.
"तुमी सांगा," बाई म्हणाल्या, "दगड कसा हाय?"

तो आत आला. पेपरवेट उचलला,
फणस पिकलाय का बघावं तशी
टिचकी मारली, कान लावला.
"दगड एक नंबर हाय.
कुठं चीर न्हाई, म्हणून तर झरा हाय.
वरचा जांभा पाणी पितो,
खालचा काळा ते तोलून धरतो.
फुटका असता तर पाणी कवाच पाताळात गेलं असतं.
चाळीस वर्सं फोडत आलो, हा न्हाई फोडला.
तिथं आमी भाकरी खायाला बसायचो."
थोडं थांबून म्हणाला,
"पर पोराला काम पायजे."
आणि पुन्हा चपलांपाशी जाऊन बसला.

माझ्यापुढं दोन रकाने.
हे बाजूनं लिहू की विरोधात?
शाई नसल्यासारखं पेन झटकलं.

हात वर करायला सांगितले.
एकसष्ट बाजूनं. पोराचा हात त्यात.
चौसष्ट विरोधात.
तिमण्णाचा हात कुठंच नाही,
दोन्ही हात दगडावर होते.
ठराव, ना हरकत दाखला न देणे. सूचक, अनुमोदक, सह्या,
चार अंगठे.
इस्त्रीवाल्यानं नकाशाची गुंडाळी केली,
पुढची सभा कधी विचारलं,
आणि मी तारीख सांगितली. सांगावी लागते.

विषय आठ, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.
नाहीत, असं लिहिलं. वही तशीच ठेवली.
पंख्यानं पानं उलटायला लागली
तेव्हा ध्यानात आलं, पेपरवेट गेलाय.

दुसऱ्या दिवशी तिमण्णाच्या पोरानं तो आणून दिला.
काही बोलला नाही. माझ्या तोंडाकडंही बघितलं नाही.
दगड ओला होता, एका बाजूला शेवाळ.
मी पाणीपट्टीच्या पावत्यांवर ठेवला.
वरच्या दोन भिजल्या,
मुल्लाणींची आणि माझी.